बावटा कधी लावायचा



तुमच्या सर्व्हरच्या लॉगमध्ये दिवसभर एररच एरर येतात आणि कोणी ते उघडूनही बघत नाही, असं तू लिहिलंस. आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलेला आहे.

रायगड जिल्ह्यातल्या बंदरात ३ नंबरचा बावटा लागला, की कोळीवाड्यात त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. बंदरांसाठी १ ते ११ इशारे ठरलेले आहेत. १ आणि २ दूर समुद्रातल्या वादळासाठी, ३-४ बंदरापाशी हवा बिघडण्याची चिन्हं असतील तेव्हा, ५ पासून धोका, ८ ते १० मोठा धोका. हवामान खात्याच्या रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा जिल्ह्याला लाल इशारा होता. कोणी काय करायचं, हे त्या रंगातच आलं.

लॉगची पातळीही याच हिशेबाने ठरवायची. प्रोग्रॅमर किती घाबरला, यावरून नव्हे.

एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कलीत लिहिलेल्या सिसलॉग या लॉग ठेवणाऱ्या प्रणालीत ० ते ७ पातळ्या आहेत आणि ० सर्वांत गंभीर. पायथन भाषेच्या लॉगिंगमध्ये क्रम उलटा: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०.

समजा, मांडवा-गेटवे बोटीची तिकिटं विकणारी साइट आहे. तिकीट निघालं, ही इन्फो. प्रवाशाने पासवर्ड चुकवला, हीसुद्धा इन्फोच. सर्व्हरचं काही बिघडलेलं नाही. बँकेने पहिल्यांदा उत्तर दिलं नाही पण दुसऱ्यांदा दिलं, तर वॉर्निंग. उद्या सकाळी कोणी पाहिलं तरी चालेल. पैसे कापले गेले आणि तिकीट निघालं नाही, हा खरा एरर. त्या ओळीत बुकिंग क्रमांक हवाच. नुसत्या ‘पेमेंट फेल’वरून पैसे परत कोणाला करणार? डेटाबेसच बंद पडला, तर क्रिटिकल. रात्री २ वाजताही फोन वाजला पाहिजे. डीबग चालू साइटवर बंद असावं, आणि ओटीपी किंवा कार्ड नंबर कुठल्याच पातळीवर लिहू नये.

आता ११ नंबर. हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आणि हवा बिघडण्याची भीती असली, की हा इशारा लागतो, आणि तो १० नंबरच्याही पुढे ठेवलेला आहे. हे ठरवणाऱ्यांना समुद्र पुरता कळला होता. ‘निसर्ग’नंतर श्रीवर्धनकडच्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बंद होते, तिथून फोन येत नव्हता, म्हणजे तिथे सगळं ठीक होतं असं नव्हे. तसंच साइटचे लॉग यायचे थांबले, तर पडद्यावर एकही एरर दिसत नाही. म्हणून दर मिनिटाला ओळ येते की नाही, हे दुसऱ्या मशीनवरून तपासणारा गजर आधी बसव. मग टीमबरोबर गेल्या आठवड्याचे एरर चाळ आणि ज्यांवर कोणी काही करण्यासारखं नव्हतंच, ते इन्फोत उतरव.

तुझा मामा