रिकामी घागर आणि हसू
शास्त्रपाठ : हबक्कूक ३:१७-१८



२०१६ चा उन्हाळा आठवतो. आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. त्या रात्री आजी, आई आणि मी प्रार्थनेला बसलो. आजी म्हणाली, "बंदी गर्दीला हाय. प्रभूला तर दोघं-तिघं पुरतात की!" रिकाम्या घागरींपाशी आम्ही पोट धरून हसलो.

हबक्कूक बघा. आधी नुकसान नाव घेऊन मोजतो : अंजीर, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढरं, गुरं. काहीच लपवत नाही. मग देवामध्ये आनंद करायचं ठरवतो, परिस्थिती बदलायच्या आधीच.

त्या हसण्याने घागर भरली नाही. पण सकाळी टँकरच्या रांगेत उभं राहायला बळ मिळालं.

आज जॉब गेला असेल, तर खोटं "मी मजेत" म्हणू नका. प्रभूला सगळी यादी सांगा. मग 'तरीही' म्हणा.

प्रार्थना : प्रभू, आमची रिकामी घागर तुला दिसते. तुझ्यामध्ये हसायला शिकव. आमेन.