ऑर्किडचे भांडे निवडताना माठ आठवावा

मृगाचा पाऊस लागला की वसमत-कळमनुरीकडे हळदीच्या बेण्याची आणि सोयाबीनच्या पेरणीची एकच धांदल उडते. पण ज्यांनी ओसरीवर किंवा शेडनेटखाली चार-दोन ऑर्किड जोपासली आहेत, त्यांनी याच दिवसांत एक दुपार त्यांच्यासाठी काढावी. कोळसा आणि नारळाच्या सालीतले ऑर्किड सेमी-हायड्रोपोनिक पद्धतीवर न्यायचे असेल, तर आपल्याकडे जून अखेर ते ऑगस्ट हाच काळ. हवेत दमटपणा असतो आणि बुंध्याशी नवी मुळे फुटत असतात. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना हलवलेले रोप बहुतेकदा हातचे जाते.

या पद्धतीत माती नाही, साल नाही. भाजून फुगवलेल्या मातीच्या गोळ्या असतात. रोपवाटिकेत त्यांना क्ले बॉल म्हणतात. भांड्याला तळाशी भोक नसते, ते बाजूला थोडे वर असते. भोकाखाली पाणी साठते, गोळ्या ते वर ओढतात आणि गोळ्यांमधल्या फटींतून मुळांना हवा मिळते. कारंजे नाही, पंप नाही, वीज नाही. भारनियमनाच्या मुलखात ही मोठीच सोय.

आता माठ. नवा माठ पाझरतो, बाहेरचे पाणी वाफ होऊन उडते, म्हणून आतले गार होते. दोन-तीन उन्हाळे बोअरचे पाणी भरले की माठावर पांढरा खार चढतो, छिद्रे बुजतात आणि माठ ‘म्हातारा’ होतो. क्ले बॉलची प्रत्येक गोळी म्हणजे असाच एक चिमुकला माठ आहे. ती मुळांना गारवा देते आणि पाण्यातले क्षारही साठवते. हवा कोरडी आणि पाणी जड, असे दोन्ही आपल्या जिल्ह्यात एकत्र येते. त्यामुळे भांडे कसे असावे, याचे उत्तर थंड-दमट प्रदेशातल्या पुस्तकात शोधण्यात अर्थ नाही.

पहिली गोष्ट खोलीची. क्ले बॉल पाणी ओढतात, पण फार उंच नाही. त्यातही कोरड्या वाऱ्यात वरचा थर आधी वाळतो. उंच, निमुळत्या भांड्यात तळ ओला आणि बुंध्याशी फुटणारी कोवळी मुळे तहानलेली, असे होते. तीन-चार कांड्यांच्या डेंड्रोबियम ऑर्किडला १२ ते १५ सेंटिमीटर रुंद आणि जवळपास तेवढेच खोल भांडे पुरते. झाड वाढेल म्हणून आधीच बादलीएवढे भांडे घेऊ नये. डेंड्रोबियमला अंमळ अडचणीतच बरे वाटते.

दुसरी गोष्ट भोकाची, आणि सगळी मेख इथेच आहे. साधारण नियम तळापासून अडीच सेंटिमीटरवर भोक पाडण्याचा. आपल्या उन्हाळ्याचा विचार करून मी ते तीन सेंटिमीटरवर पाडायला सांगेन, म्हणजे साठा थोडा जास्त राहतो. त्याहून वर गेल्यास मुळांचा मोठा भाग पाण्यातच राहील. खिळा तापवून पाच-सहा मिलिमीटरची दोन भोके शेजारी-शेजारी, एकाच उंचीवर पाडावीत. एखादे मुळाने बुजले तरी दुसरे चालू राहते. दोन्हींपैकी एक खाली गेले तर साठा त्याच्याच पातळीला थांबतो, म्हणून आधी पेनाने रेघ मारून घ्यावी.

भांडे कशाचे? लोणच्याची किंवा मिठाईची पारदर्शक प्लास्टिक बरणी मला दुकानातल्या महागड्या ‘सेल्फ वॉटरिंग’ कुंडीपेक्षा सरस वाटते. पाणी किती उरले ते दिसते, मुळे हिरवी की काळी तेही कळते. फक्त तिच्यात शेवाळ धरते आणि उन्हात पाणी तापते. त्यावर खताच्या पांढऱ्या पोत्याची पट्टी बाहेरून गुंडाळावी. पाहायचे तेव्हा सरकवायची. काळी कुंडी आपल्या उन्हात चुलीवरच्या पातेल्यासारखी तापते, ती टाळावी. मातीची कुंडी पाझरते, त्यामुळे पाण्याचा साठा टिकत नाही आणि भिंतीवर खार चढतो. ऑर्किडची मुळे त्या भिंतीला घट्ट चिकटतात आणि तिथेच करपतात. तांब्याचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले पत्र्याचे डबेही नकोत; खताच्या पाण्यात हे धातू उतरतात.

आणि तणनाशकाचा रिकामा डबा कितीही धुतला असला तरी त्यात काहीही लावू नये, ऑर्किड तर नाहीच. कीटकनाशकाच्या डब्यालाही हेच लागू. शेतकऱ्याच्या घरात असे डबे हाताशी असतात म्हणून मुद्दाम लिहितो.

आतली जाळीची कुंडी आणि बाहेरचे पाण्याचे भांडे अशी दुहेरी रचनाही मिळते. तिच्यात मधल्या फटीत पाणी उघडे राहते आणि डेंग्यूच्या डासाला तेवढे पुरते. गोळ्यांनी भरलेल्या एकाच भांड्यात पाणी उघडे पडत नाही, खाली ताटलीही लागत नाही. डेंड्रोबियमच्या कांड्या वाढल्या की हलके भांडे वळवाच्या वाऱ्यात कलंडते; ते जड कुंडीत किंवा विटांच्या चौकटीत बसवावे.

गोळ्यांऐवजी खडी चालेल का, असे कुणी विचारेल. आपली काळी खडी बेसॉल्टची. ती पाणी पीतच नाही, मग वर कुठून ओढणार? विटेचे तुकडे ओढतात, पण कच्ची वीट विरघळून चिखल करते. गोळ्याच आणाव्यात, धुऊन धूळ काढावी आणि एक दिवस भिजत ठेवाव्यात.

भरताना कुजलेली मुळे कापावीत, जुनी साल शक्य तेवढी काढावी. नवी मुळे एक-दोन सेंटिमीटरची असतील तोच मुहूर्त. ती नव्या ओलीशी जुळवून घेतात, जुनी मुळे सहसा घेत नाहीत. पहिले काही आठवडे पानांवर थोड्या सुरकुत्या पडल्या तर घाबरून जागा बदलू नये.

पाणी पावसाचे साठवावे. १० चौरस मीटर पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५०० लिटर पाणी पडते. पहिल्या सरीचे सोडून द्यावे. पाणी देताना भांडे काठोकाठ भरावे आणि भोकातून वाहू द्यावे. त्यातूनच साठलेले क्षार निघून जातात. नुसता उडालेला साठा भरत राहिलात तर दर खेपेला खार वाढतो, कूलरच्या जाळीवर वाढतो तसाच. आता खत. १९:१९:१९ या खतातला बराच नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो पिकाला घेता येईल असा करतात. गोळ्यांमध्ये जिवाणूंची तशी वस्ती नसते. त्यापेक्षा ठिबकसाठी आणलेले कॅल्शियम नायट्रेट आणि १३:०:४५ आलटून-पालटून, लिटरला अर्धा ग्रॅम इतकेच द्यावे. दोन्हींत स्फुरद नाही, म्हणून महिन्यातून एकदा ०:५२:३४ तेवढ्याच मात्रेत द्यावे.

वांडा जातीचे ऑर्किड मात्र या भांड्यांत घालू नये. ते टोपलीत मोकळ्या मुळांनी लटकलेलेच बरे. आणि रानात झाडावर दिसणारी आमरी तिथेच राहू द्यावी.

डिसेंबर-जानेवारीत मात्र माठाचा गुण अंगाशी येतो. गोळ्यांतले पाणी उडताना भांडे हवेपेक्षाही गार होते आणि फॅलेनॉप्सिस ऑर्किडची मुळे गारठतात. त्या दिवसांत भांडी फरशीवरून उचलून लाकडी फळीवर, शक्यतो घरात ठेवावीत आणि पाणी सकाळी ऊन चढल्यावरच घालावे.