माझा तबला पळत होता

(इयत्ता ४ थी)

मित्रांनो, २६ जानेवारीला काय झाले ते तुम्हाला माहीतच आहे. आलेल्या पालकांसाठी पुन्हा सांगतो. मुली देशभक्तीचे गीत म्हणत होत्या आणि मी तबल्यावर केरवा धरला होता. पहिले कडवे नीट झाले. दुसऱ्या कडव्याला माझा हात सुटला. अर्ध्या मुली माझ्याबरोबर पळाल्या, अर्ध्या मागे राहिल्या आणि सगळे हसले. नंतर मुली म्हणाल्या, "याच्यासंगं आम्ही नाही म्हणणार गाणं." घरी बाबा म्हणाले, "पुरे झाला तबला. आता पाढे पाठ कर."

मी बुवांकडे गेलो. बुवा आमच्या भजनी मंडळात तबला वाजवतात, त्यांच्याकडेच मी शिकतो. मला वाटले ते रागावतील. पण त्यांनी तबल्यावर खोळ घातली आणि म्हणाले, "पंधरा दिवस याला हात लावायचा नाही. तोंडानं वाजवायचं."

तोंडाने कसे वाजवायचे ते सांगण्याआधी तबल्याची थोडी माहिती देतो. उजव्या हाताचा तो तबला, तो लाकडाचा असतो. डाव्या हाताचा तो डग्गा, तो धातूचा असतो. दोन्ही चुंबळीवर ठेवतात, नाहीतर गडगडतात. तबल्याच्या कातड्यावर काठाला चाट, मग लव आणि मध्ये काळी शाई असते. शाई म्हणजे लिहायची शाई नव्हे बरं का! ती लोखंडाची बारीक भुकटी आणि खळ घोटून थरावर थर देऊन बसवतात. चाटेवर बोट मारले की ना वाजतो. डग्ग्यावर गे वाजतो. दोन्ही हात एकदम पडले की धा होतो. पावसाळ्यात कातडे ओल धरते आणि सूर उतरतो. मग बुवा वादीखालचे गट्टे हातोडीने खाली ठोकतात. मला अजून हातोडी देत नाहीत.

आता बोल. केरव्याला आठ मात्रा असतात : धा गे ना ती, न क धिं ना. पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची, ती सम. पाचवीवर हात नुसता बाजूला न्यायचा, ती खाली. दादऱ्याला सहा मात्रा : धा धी ना, धा ती ना. त्याची टाळी पहिलीवर आणि खाली चौथीवर. तीनताल मोठा, सोळा मात्रांचा. त्यात एक, पाच आणि तेरा या मात्रांवर टाळी आणि नववीवर खाली. दोन मात्रांमधले अंतर सारखे ठेवणे म्हणजे लय सांभाळणे. माझी चूक तिथेच होती. बोल सगळे बरोबर होते, अंतर लहान लहान होत गेले.

पंधरा दिवस मी टाळी देत बोल म्हणत होतो. गुरे आणताना म्हणायचो, आडावर म्हणायचो. आजी म्हणाली, "पोराला वारं लागलं का काय?" पहिले चार दिवस मला लाज वाटली आणि कंटाळाही आला. पाचव्या दिवशी एक गंमत कळली. जे बोल सोपे, तिथेच मी पळायचो. 'धा गे ना ती' झरझर व्हायचे आणि 'न क' ला जीभ अडायची. हातानेही मी तेच करत असणार, पण तबल्याच्या आवाजात मला ते ऐकू येत नव्हते. बुवांना सांगितले तर ते नुसते हसले.

मग मी एक युक्ती काढली. ती मात्र माझी स्वतःची आहे, बुवांची नाही. वर्गातल्या घड्याळाचा काटा मिनिटाला साठ वेळा टक् करतो. एका टक् ला एक मात्रा धरली तर सहा मात्रांचा दादरा मिनिटात बरोबर दहा वेळा व्हायला हवा. सहा दाहे साठ! मधल्या सुट्टीत मी घड्याळाकडे पाठ केली, मित्राला काट्यावर बसवले आणि दहा वेळा म्हटले. मित्र म्हणाला, "एक्कावन्न." म्हणजे नऊ सेकंद मी खाऊन टाकले होते. बाबांना हे सांगितले. पाढ्याचा उपयोग ऐकून ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच त्यांचे हातातले घड्याळ काढून दिले.

बोल आधी तोंडी करण्याची पद्धत जुनी आहे. मोठ्या तबलावादकांच्या घरीही तीच. उस्ताद झाकीर हुसेन यांचा जन्म ९ मार्च १९५१ रोजी मुंबईत झाला. वडील उस्ताद अल्लारखा हेही तबलावादकच. बाळ घरी आणल्यावर वडिलांनी त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले, असे झाकीर हुसेन स्वतः सांगत असत. १५ डिसेंबर २०२४ रोजी ते वारले. ते कळल्यावर बुवांनी संध्याकाळची शिकवणी घेतली नाही.

ज्यांच्या घरी तबला नाही त्यांनाही हे जमेल. मांडी आहे, पाटी आहे, दप्तर आहे. आमच्या वर्गातले तिघे आता दादरा म्हणतात. एकाची खाली नेहमी चुकते, त्याचे नाव लिहीत नाही.

सोळाव्या दिवशी बुवांनी खोळ काढली. हात जड झाला होता, पण पळाला नाही. मुली तयार नव्हत्या. मी म्हणालो, "हळू झालं तर थांबवा, जोरात झालं तरी थांबवा." गेल्या शनिवारी परिपाठाला त्यांनी प्रार्थना म्हटली आणि मी वाजवले. एकदाच थांबवले.

आता झपताल चालू आहे. दहा मात्रा, त्या दोन, तीन, दोन, तीन अशा वाटलेल्या : धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. मिनिटात सहा वेळा यायला हवा. काल बाबांनी घड्याळ धरले होते. अठ्ठावन्न सेकंद झाले. दोन सेकंद कुठे जातात ते शोधतो आहे. बहुतेक दुसऱ्या 'धी धी ना' ला.