गडद चॉकलेट : हितकर किती?

ठाणे शहराची चॉकलेटशी ओळख जुनी आहे. कारखान्यामुळे तेथील एका चौकास ‘कॅडबरी जंक्शन’ हे नाव पडले. हल्ली कल्याण-डोंबिवलीच्या बाजारातून गडद चॉकलेट खेड्यांतही पोहोचते व ते हृदयास औषध म्हणून सांगितले जाते. ग्रामीण कार्यकर्त्यांनी यातील तथ्य जाणून घ्यावे.

कोको हे केरळ, आंध्र प्रदेश आदी राज्यांत नारळ-सुपारीच्या बागांतील आंतरपीक होय. ओले बी पाच-सहा दिवस आंबवून वाळवितात. बियांतील फ्लॅव्हनॉल द्रव्यांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात व रक्तदाब किंचित उतरतो. मात्र अमेरिकेत 21,442 व्यक्तींवर झालेल्या व 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोको-अर्काने हृदयविकाराच्या एकूण घटनांत निश्चित घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू तेवढे कमी आढळले. शिवाय तो अर्क होता, चॉकलेट नव्हे.

100 ग्रॅम गडद चॉकलेटापासून सुमारे 600 कॅलरी मिळतात. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(1) वेष्टन वाचून 70 टक्के वा अधिक कोको असलेले घ्यावे. दिवसाकाठी 20 ग्रॅमपेक्षा जास्त खाऊ नये.

(2) मधुमेहींनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

(3) चॉकलेटाच्या भरवशावर रक्तदाबाची गोळी कदापि सोडू नये.

(4) कुत्र्यास ते घालू नये; त्यातील थिओब्रोमिन त्यास विषारी ठरते.

चॉकलेट ही आवडीची वस्तू आहे. मुरबाड-शहापूरच्या नाचणीची भाकरी, डाळ व पालेभाजी यांची जागा ते घेऊ शकत नाही.