स्वादुपिंडांतील बेटें आणि उपवास

गेल्या सत्रांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीचे वडील भेटावयास आले होते. मुलीस लहानपणींच मधुमेह जडला असून ती रोज इन्शुलिन टोचून घेते. कोणा शेजाऱ्यानें त्यांस सांगितलें कीं, उपवासानें मधुमेह समूळ जातो. तेव्हां सुया बंद करून मुलीस कांहीं दिवस लंघन करावयास लावावें काय, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. आम्ही डॉक्टर नव्हों. परंतु शरीरशास्त्राचा धडा शिकविणाऱ्यास असा प्रश्न टाळतां येत नाहीं.

जठराच्या मागें आडवी पसरलेली जी ग्रंथि, तिला स्वादुपिंड म्हणतात. तिचा बहुतेक भाग अन्न पचविणारा रस तयार करितो. १८६९ सालीं बर्लिन येथें पॉल लांगरहान्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यास सूक्ष्मदर्शकाखालीं तींत पेशींचे निराळे, लहान लहान पुंजके दिसले. त्यांचें काम काय, हें आपणांस ठाऊक नाहीं, असें त्यानें प्रांजळपणें लिहून ठेविलें. पुढें त्या पुंजक्यांस ‘लांगरहान्सचीं बेटें’ हें नांव पडलें. प्रौढ मनुष्याच्या शरीरांत अशीं सुमारें दहा लक्ष बेटें असतात. तरी त्या सर्वांचें वजन ग्रंथीच्या शेंकडा एक-दोनच भरतें.

आपण भाकरी किंवा भात खाल्ला कीं, त्यांतील पिष्टाची साखर होऊन ती रक्तांत उतरते. बेटांतील बीटा पेशी ती ओळखून इन्शुलिन सोडितात, व त्याच्या योगानें स्नायू आणि यकृत ती साखर उचलून सांठवितात. उपाशी राहिल्यास उलट प्रकार होतो. बीटा पेशी हात आखडतात, शेजारच्या आल्फा पेशी ग्लुकॅगॉन सोडितात, आणि यकृत सांठ्यांतील साखर मोकळी करितें. मात्र उपवासांतहि इन्शुलिन अगदीं थांबत नाहीं. तें थोडें थोडें झिरपत असतें, आणि तेंच चरबीच्या ज्वलनास लगाम घालितें. (साबुदाण्याची खिचडी व रताळीं हीं पिष्टाचीं भांडारेंच होत, तीं खाल्ल्यास बेटांस विसांवा कसला? ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण, लेंटमध्यें मांस वर्ज्य करून भाताचा ढीग वाढून घेणाऱ्या आम्हां ख्रिस्ती मंडळींसहि लागू पडते.)

बेटांवर अतिशय भार पडला तर काय होतें, हें अमेरिकेंतील डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनीं कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिलें. स्वादुपिंडाचा बहुतेक भाग काढून थोडासा तुकडाच ठेवला, आणि कुत्र्यास पोटभर चारलें, तर उरलेल्या बेटांतील बीटा पेशी पाण्यानें फुगून नष्ट होत व मधुमेह बळावे. मोजकें खाणें दिलें तर त्या पेशी टिकत. यावरून ॲलन यांनीं १९१४ च्या सुमारास रोग्यांस उपाशी ठेवण्याची चिकित्सा सुरू केली. लघवींतील साखर जाईपर्यंत लंघन, आणि मग तीन वेळां उकळून सत्त्व काढलेल्या भाज्या! वाचतांनाच जीव कळवळतो. परंतु त्या काळीं दुसरा उपायच नव्हता, म्हणून ॲलन यांस निर्दय म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

त्यांच्या रोग्यांत एलिझाबेथ ह्यूज नांवाची मुलगी होती. तिचे वडील पुढें अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले. १९१९ सालीं तिला मधुमेह झाला, तेव्हां ती अकरा वर्षांची होती. तीन वर्षें अर्धपोटीं राहून ती जगली खरी. पण पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचें वजन अवघे ४५ पौंड उरलें. मधल्या काळांत, १९२१ सालीं, कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं स्वादुपिंडांतून इन्शुलिन काढण्यांत यश मिळविलें होतें. ऑगस्ट १९२२ मध्यें ती तेथें गेली, इन्शुलिन घेऊं लागली आणि पुन्हां पोटभर जेवूं लागली. ती १९८१ पर्यंत जगली. उपवासानें तिला अवधि मिळवून दिला. मेलेल्या पेशी कांहीं त्यानें परत आणिल्या नाहींत.

मग शेजाऱ्याचें बोलणें सर्वस्वीं खोटें काय? तसेंहि नाहीं. मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. प्रौढपणीं बहुधा जो होतो त्यांत यकृतांत व स्वादुपिंडांत चरबी सांचून बीटा पेशी मंदावतात, पण सर्वच मरत नाहींत. इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें प्रा. रॉय टेलर यांनीं अशा अकरा रोग्यांस आठ आठवडे रोज अवघे ६०० उष्मांक मिळतील एवढेंच अन्न दिलें. ती चरबी उतरली, आणि पेशी पुन्हां कामास लागल्या. हें १९११ सालचें नव्हे, २०११ सालचें वृत्त आहे. पुढील एका मोठ्या प्रयोगांत, रोग जडून सहा वर्षें न झालेल्या व इन्शुलिन न घेणाऱ्या रोग्यांपैकीं शेंकडा ४६ जण वर्षअखेर औषधावांचून मधुमेहाच्या रेषेखालीं आले. परंतु वजन वाढलें कीं रोग परततो. शिवाय गोळ्या घेणाऱ्यानें मनानेंच उपास धरला तर रक्तांतील साखर एकाएकीं उतरून घेरी येते. म्हणून हें सर्व डॉक्टरांच्या देखरेखीखालींच व्हावयास पाहिजे.

लहान मुलांस बहुधा होणारा प्रकार अगदीं निराळा. त्यांत शरीराची संरक्षक शक्तिच चुकून बीटा पेशींवर उठते व त्यांचा नाश करिते. तेथें विसांवा द्यावयाचा तो कोणास? अशा मुलाचें इन्शुलिन तोडलें तर, तें उपाशी असो वा जेवलेलें असो, चरबीचा लगाम सुटतो, कीटोन नांवाचे आम्ल पदार्थ रक्तांत सांचतात, आणि थोड्याच दिवसांत मूल बेशुद्ध होऊन दगावूं शकतें.

त्या वडिलांस आम्ही हेंच सांगितलें, आणि त्यांच्यासह मुलीच्या डॉक्टरांकडेहि जाऊन आलों. आतां मधल्या सुट्टीची घंटा झाली कीं ती प्रथम शिक्षकांच्या खोलींत येऊन सुई टोचून घेते, व मग मैत्रिणींत बसून डबा उघडते.