ड्रायव्हरमधली नावं ग्रेपला सापडावीत म्हणून

लिनक्स कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिताना आठ रजिस्टरांची आठ सारखी फंक्शनं समोर आली की मॅक्रोचा मोह होतो. रिव्ह्यूत मग दोन तट पडतात: एकाला पुनरावृत्ती खुपते, दुसऱ्याला न सापडणारं नाव. मी दुसऱ्या तटातला. पॅच पाठवण्याआधी एवढं करून घ्या.

१. ड्रायव्हर कंपाइल करा आणि ऑब्जेक्ट फाइलवर 'एनएम' चालवा. ज्या ओळींत 'टी' हे अक्षर आहे ती फंक्शनं. काही नावांना कंपायलर टिंब देऊन शेपूट जोडतो, ते छाटा.

२. प्रत्येक नाव 'गिट ग्रेप'ने शोधा. जे सापडणार नाही, ते बहुधा मॅक्रोतल्या '##'ने तुकडे जोडून बनवलेलं. ऊप्सच्या स्टॅकमध्ये मात्र हेच जोडलेलं नाव छापून येतं, आणि ते वाचणारा माणूस तुमचा ड्रायव्हर पहिल्यांदाच उघडत असतो.

३. कर्नलभर रुळलेले मॅक्रो यादीतून वगळा. 'मॉड्यूल_प्लॅटफॉर्म_ड्रायव्हर' स्वतःच इनिट आणि एक्झिट बनवतो. ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'डिव्हाइस_ॲट्र_आरडब्ल्यू(टेम्प)' थोडा वेगळा: 'टेम्प_शो' आणि 'टेम्प_स्टोअर' आपणच लिहितो, त्यामुळे ती सापडतात, पण त्यांना वापरतं कोण, ते ग्रेप सांगत नाही. तरी तो राहू द्या. त्याजागी हातानं परवानग्या लिहिल्यात तर चेकपॅचच तक्रार करतं.

४. उरले तुमचे घरगुती मॅक्रो. खरं काम एका साध्या स्टॅटिक फंक्शनमध्ये हलवा, रजिस्टरचा पत्ता त्याला आर्ग्युमेंट म्हणून द्या आणि आठ छोटी फंक्शनं पूर्ण नावानिशी लिहा. कोणी पुनरावृत्तीवर बोट ठेवलं तर सांगा, पुन्हा येतंय ते नाव. लॉजिक एकाच जागी आहे. मॅक्रोच्या पोटात 'रिटर्न' दडवला असेल तर वादच नको, कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्ये त्याला स्पष्ट मनाई आहे.

५. मॅक्रो ठेवायचाच ठरला, तर तयार होणारी नावं वरच्या कॉमेंटमध्ये अखंड लिहा. ती नीट तपासायला 'मेक'ला त्याच फाइलचं '.आय' रूप मागा. सगळी हेडर उलगडल्यामुळे फाइल अवाढव्य निघते. थेट तळाशी जा, तुमचा कोड तिथे असतो.

६. 'प्रिंटके'चे संदेशही बघा. ओळ ८० अक्षरांपुढे गेली तरी संदेश तोडू नका. लॉगमधलं वाक्य उचलून लोक सोर्समध्ये शोधतात.