गाव करी ते राव न करी – शेअर बाजारातसुद्धा!

शेअर बाजार म्हटलं की हॉस्टेलवर दोनच विषय निघतात: कोणता शेअर वर गेला आणि कोणाचे पैसे बुडाले. पण शेअर घेणारा माणूस त्या कंपनीचा थोडासा का होईना, मालक असतो. मालकाला जाब विचारायचा हक्क असतो. गुंतवणूकदार एकत्र येऊन हा हक्क कसा वापरतात, ते मी इथे थोडक्यात मांडतो.

एकट्याचं कोण ऐकतो?

कंपनी कायदा, २०१३ नुसार भागधारकांना स्वतःचा ठराव सभेपुढे आणायचा असेल, तर साधारणपणे मताधिकार असलेल्या भांडवलाचा किमान एक दशांश हिस्सा पाठीशी लागतो. मोठ्या कंपनीत एवढा हिस्सा एकट्याकडे कुठून येणार? म्हणून एकजूट हवी.

अमेरिकेत २०२१ साली 'इंजिन नंबर वन' या छोट्या फंडाकडे एक्झॉनमोबिल या बलाढ्य तेल कंपनीचे फक्त ०.०२ टक्के शेअर होते. हवामानबदलाकडे कंपनीचं दुर्लक्ष होतंय, यात आपलाच पैसा धोक्यात आहे, हे त्याने मोठ्या पेन्शन फंडांना पटवलं. निकाल? १२ पैकी ३ संचालक त्याच्या यादीतले निवडून आले!

हे सारं आपल्या दारात

डिसेंबर २०१७ मध्ये 'क्लायमेट ॲक्शन १००+' ही गुंतवणूकदारांची आघाडी सुरू झाली. तिच्या मागण्या तीन: संचालक मंडळाने हवामानाची जबाबदारी घ्यावी, उत्सर्जन कमी करावं आणि खरी माहिती जाहीर करावी. तिच्या यादीत एनटीपीसी होती. याच एनटीपीसीचा सोलापूरजवळ ६६० मेगावॉटच्या दोन संचांचा, कोळशावर चालणारा वीज प्रकल्प आहे. त्याला पाणी उजनीचं. आणि आपल्या धाराशिव शहराच्या नळाला येतं तेही उजनीचंच!

आता जरा गणित करू. दर मेगावॉट-तासाला ३ घनमीटर पाणी धरलं, तर १३२० मेगावॉट पूर्ण क्षमतेने २४ तास चालवायला ९५,०४० घनमीटर, म्हणजे साडेनऊ कोटी लिटर पाणी लागेल. हाच आकडा ३ वरून २.५ वर आणला, तर दिवसाला सुमारे १.५८ कोटी लिटर वाचेल. माणशी १३५ लिटर धरले तर ते १ लाख १७ हजार माणसांना पुरतं. २०११ च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या साधारण १ लाख १२ हजार होती. म्हणजे अर्ध्या घनमीटरात अख्खं शहर! "पाणी किती वापरता?" हा प्रश्न म्हणूनच साधा नाही.

मर्यादाही आहेत

एनटीपीसीत निम्म्याहून जास्त हिस्सा सरकारचा आहे, तेव्हा इतर भागधारकांचा जोर तिथे कमीच पडणार. कंपनीने २०३२ पर्यंत ६० गिगावॉट अपारंपरिक ऊर्जेचं उद्दिष्ट ठेवलंय, पण त्याचं श्रेय एकट्या गुंतवणूकदारांना देता येणार नाही. शिवाय एकजूट टिकवणं अवघड. फेब्रुवारी २०२४ मध्ये जेपी मॉर्गनची आणि स्टेट स्ट्रीटची गुंतवणूक संस्था या आघाडीतून बाहेर पडली.

आपला काय संबंध?

संबंध आहे. ज्या सर-मॅडमच्या पगारातून एनपीएस कापला जातो, ज्या मुलाच्या बाबांनी पाचशे रुपयांची एसआयपी लावलीय, त्यांचाच पैसा या कंपन्यांत फिरतो. सेबीने डिसेंबर २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांसाठी 'स्टुअर्डशिप कोड' आणला. गरज पडेल तिथे इतर गुंतवणूकदारांशी सहकार्य कसं करणार, याचं धोरण फंडाने ठरवावं, असं त्यात म्हटलंय. १ एप्रिल २०२२ पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मत देणं बंधनकारक झालं. आपल्या फंडाने कुठे काय मत दिलं, ते फंडाला जाहीर करावं लागतं. एकदा उघडून बघा तरी!

दुसरी गोष्ट आपल्या पेशाची. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना 'बीआरएसआर' अहवाल द्यावा लागतो. त्यात वीज, पाणी, कचरा, उत्सर्जन यांचे आकडे असतात. हे आकडे मुंबईच्या ऑफिसात तयार होत नाहीत. ते प्लँटमधल्या मीटरवरून येतात आणि ते लिहिणारा असतो इंजिनिअर. उद्या तुम्ही-आम्ही त्या जागी असू. तिथे लिहिलेला आकडा खोटा असेल, तर जगभरच्या गुंतवणूकदारांची एकजूटही पाण्यात जाईल. तेव्हा मित्रहो, लॉगबुकात खरं रीडिंग लिहायची सवय आत्ता लॅबमध्येच लावून घेऊया!